तुमच्या चाच्याच्या आजोबांना जरा गप्प बसवा

तुमची अडचण वाचली आणि लगेच ओळखीची वाटली. कुमारांसाठी समुद्री चाच्याची कादंबरी, नमुना म्हणून समोर ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेतला लफी, आजोबा आरमारात, बाप बंडखोर, वर एक म्हातारा खलाशी गुरू. सत्तर पानं वाचून दाखवली तर भाचा म्हणाला, “हा हिरो सारखं दुसऱ्यांचंच सांगतो.” भाचा बरोबर आहे. तुम्ही टाकलेल्या तीन प्रकरणांत “आजोबा म्हणायचे” आणि “गुरूंनी शिकवलं होतं” मिळून अकरा वेळा येतं. मी मोजलं.

लफी म्हणजे जादुई फळ खाऊन रबरासारखा ताणला जाणारा, खजिन्यामागे निघालेला पोरगा चाचा, हे तुम्हाला ठाऊक आहेच, ते लांबवत नाही. पुढे स्पॉयलर आहेत. आणि ही एका जुन्या वाचकाची मतं आहेत, शास्त्र नव्हे.

माझ्या मते सगळा घोळ एकाच चुकीचा आहे: गुरूची शिकवण हिरोच्या तोंडी घालणं. एका लेखन कार्यशाळेत (नाव घेत नाही) छातीठोकपणे सांगतात की वाचक विसराळू असतो, म्हणून दर प्रकरणात गुरूची आठवण पेरत जा. मी ते इमानदारीत पाळलं आणि जवळजवळ अख्खा खर्डा रद्दीत गेला. वाचक विसरत नाही हो. आठवण करून दिली की चिडतो मात्र.

‘वन पीस’चा लेखक ओदा हे कसं करतो ते बघा. पहिल्याच प्रकरणात दारूच्या गुत्त्यात एक डोंगरी डाकू शँक्सच्या, म्हणजे लफी ज्याला गुरू मानतो त्या चाच्यांच्या कप्तानाच्या, हातातली बाटली फोडतो. दारू अंगावर सांडते, आणि शँक्स काय करतो, तर खाली वाकून काचा वेचायला लागतो आणि फरशी पुसायला फडकं मागतो. त्याची माणसंही हसतात. सात वर्षांच्या लफीला हा भेकडपणा वाटतो, तो फुगून बसतो. तेवढ्यात हाताला लागलेलं ते जादुई फळ त्याने खाऊन टाकलेलं असतं, म्हणजे जन्माची शक्तीसुद्धा गुरूवर रुसलेला असतानाच कळते. पुढे तेच डाकू पोराच्या जिवावर उठतात तेव्हा हाच शँक्स त्यांना सोडत नाही, आणि त्याला वाचवताना आपला डावा हात गमावतो.

आता थेट सव्वादोनशेव्या प्रकरणाच्या आसपास या. मॉक टाउन या चाच्यांच्या गावातल्या गुत्त्यात बेलामी हा दुसरा चाचा लफीला झोडतो, स्वप्नांची टिंगल करतो. लफी आपल्या जोडीदाराला, झोरोला, हात उचलायचा नाही असं बजावतो आणि मार खातो. थोड्याच प्रकरणांनंतर तोच बेलामी क्रिकेट या म्हाताऱ्या मित्राला मारून त्याचं सोनं पळवतो, आणि मग एका ठोशात विषय संपतो. अपमान गिळायचा, माणसाला हात लावला तर सोडायचं नाही. हा शँक्सचाच धडा आहे, पण लफी तिथे शँक्सचं नाव काढत नाही. तुम्हाला जे साधायचंय ते हेच. धडा एकदा दाखवा, मग मधे लांब अंतर ठेवा. वीस प्रकरणांची कादंबरी असेल तर किमान पाच-सहा प्रकरणं. नंतर तीच जागा, तसाच प्रसंग, पण निर्णय हिरोचा.

घरच्या माणसांचं गणित वेगळं. लफीचा आरमारी आजोबा गार्प नातवाला दरीत फेकतो, रात्रीच्या जंगलात सोडतो, फुग्यांना बांधून आभाळात पाठवतो, का तर पोरगं दणकट मरीन, म्हणजे आरमारी शिपाई, व्हावं. पोरगं दणकट होतं आणि चाचा होतं. आजोबांनी दिलेलं बळ घेतलं, मागितलेली नोकरी नाकारली. बंडखोर बाप ड्रॅगन तर काहीच देत नाही. तो 100व्या प्रकरणात दिसतो, बाप आहे हे कळतं 432व्यात, आणि तेव्हा हादरतात ते बाकीचे. लफीच्या बेतात तसूभर फरक पडत नाही. तुम्ही बापाचं गुपित दुसऱ्याच पानावर फोडलंय. काढा ते. उशिरा फोडायचं असेल तरच ठेवा, आणि त्याने हिरोचा मार्ग बदलणार नसेल तर आणखी उत्तम.

रेली हा जुना चाचा, लफीचा पुढचा गुरू, हा तिसरा प्रकार. लफी शोधतोय त्या खजिन्याचं त्याला सगळं माहीत आहे. 507व्या प्रकरणात लफीच्या टोळीतला उसॉप विचारायला जातो तर लफीच त्याला गप्प करतो. आयतं उत्तर मिळणार असेल तर चाचेगिरीच सोडतो म्हणतो. नंतर त्याच रेलीकडून दीड वर्षाची तालीम मात्र घेतो. तुमच्या खलाशी गुरूकडे नकाशा आहे ना? तो हिरोने मागू नये, एवढा एक बदल करून बघा, पोराला लगेच कणा येईल.

गुरूने काहीतरी द्यायचंच असेल तर एकच वस्तू, आणि ती परत करायच्या बोलीवर. शँक्सने लफीला दिलेली गवताची टोपी तशी आहे: मोठा चाचा झालास की परत आणून दे. मरीनफोर्ड या आरमाराच्या मुख्य तळावरच्या लढाईत शँक्स हाकेच्या अंतरावर असतो, लफीची पडलेली टोपी बग्गी या दुसऱ्या चाच्याच्या हाती देतो, पण मुद्दाम भेटत नाही. भेटला तर बोली मोडेल. तुमच्या गुरूने कट्यार, होकायंत्र, ताईत आणि पत्र अशा चार वस्तू दिल्यात. तीन समुद्रात बुडवा.

त्याग लिहिताना आकडा द्या. लफीच्या टोळीतल्या नामीच्या गावात चाचे जिवाच्या बदल्यात खंडणी मागतात: मोठ्या माणसामागे 1 लाख बेरी (तिथलं चलन) आणि मुलामागे 50 हजार. नामीला वाढवणाऱ्या बेलमेरकडे जेमतेम लाखभर. दोन मुली आहेत हे कबूल केलं नसतं तर तिचा स्वतःचा जीव वाचला असता. हिशेब वाचकच करतो, म्हणून घशात आवंढा येतो. “आईने सर्वस्व दिलं” या वाक्याने काही होत नाही.

एक तक्रार नोंदवतो, नाहीतर मी आंधळा भक्त वाटेन. साबो हा लफीचा भाऊ 580 प्रकरणांपर्यंत कुणाच्या बोलण्यातही नाही आणि दुसरा भाऊ एस मेल्यावर एकदम बालपणातून उगवतो. ही कारागिरी नव्हे, डागडुजी आहे. ओदाला खपते, आपल्याला खपणार नाही.

जाता जाता: कथा कोकण किनाऱ्यावर आणायचा विचार आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. मग ‘चाचा’ हा शब्द कोणाच्या तोंडी आहे ते आधी ठरवा. कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या लेखी चाचे, इथे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. घरातला ताण हवा असेल तर तोही तयार आहे: 1729 मध्ये कान्होजी गेले, आणि पुढे काही वर्षांत कुलाबा मानाजीकडे, विजयदुर्ग संभाजीकडे अशी त्यांच्या मुलांत फाटाफूट झाली.

आता लाल पेन घ्या, “म्हणायचे”वाली सगळी वाक्यं अधोरेखित करा, पूर्ण पुस्तकात एक ठेवा, फार तर दोन. शेवटच्या प्रकरणात तुमचे आजोबा वाट अडवून पावणेदोन पानं बोलतात. मरीनफोर्डला एसला सोडवायला धावणाऱ्या लफीची गार्पही वाट अडवतो, मूठ उगारतो, आणि ऐन क्षणी त्याचा हात अडखळतो. नातवाचा ठोसा बसतो, म्हातारा खाली. तिथे भाषण नाही. तुमची पावणेदोन पानं पाच ओळींवर आणा. पत्ते खेळताना बेमालूम फसवणाऱ्या त्या खलाशाला मात्र हात लावू नका, तो छान जमलाय.