छावणीतला दवाखाना: तुमचे प्रश्न

प्रश्न: सर, मी परभणीला जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) करायलेय. युद्धातून पळून आलेल्या लोकांच्या छावणीत सगळ्यात आधी सर्जनच लागत असतील ना?

उत्तर: टीव्हीवर तेच दिसतं ना ताई. सर्जन लागतोच, पण छावणीतल्या लेकरांना जास्त करून जुलाब, गोवर अन् न्यूमोनिया मारतात, म्हणून आधी पाणी बघायचं, माणशी दिवसाला निदान 15 लिटर, मग 20 माणसांमागं एक संडास, आणि लगोलग 6 महिने ते 15 वर्षांच्या लेकरांना गोवरची लस. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हाच्या घागरींच्या रांगा आठवा, वर घरदारही गेलंय असं समजा.

प्रश्न: मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलरा आवरतो का खरंच? आमच्याकडं तर सलाईन लावल्याशिवाय कुणाला बरंच वाटत नाही. (औसा)

उत्तर: हा हा, माझ्याही ओपीडीत रोज तेच, "डॉक्टरसाहेब, एक बाटली लावाच". 1971 ला बांगलादेशातून आलेले निर्वासित पश्चिम बंगालातल्या बनगावला होते, कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज अन् खायच्या सोड्याची पाकिटं करून पाणी ड्रममध्ये कालवलं आणि पेशंटच्या आई-बापाच्याच हातात कप दिला. लोकांना पटावं म्हणून सांगायचे, हे तोंडातून घ्यायचं सलाईन आहे. मृत्यू 30 टक्क्यांच्या आसपास होते ते 3.6 वर आले. घरी ओआरएसची पुडी नसंल तर 1 लिटर स्वच्छ पाणी, 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, मीठ वाढवू नका. पेशंट निपचित पडला, पाणी पोटात ठरंना, तर मात्र शिरेतूनच द्यावं लागतं, तिथं हट्ट नको.

प्रश्न: किल्लारीच्या भूकंपानंतर आमची आजी कित्येक महिने घरात झोपली नाही. युद्धातल्या लोकांचं काय होत असंल?

उत्तर: तसंच, अन् भीती संपलेली नसते म्हणून जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं अशा भागात पाचातल्या एकाला तरी मानसिक त्रास असतो. "काय काय झालं सांगा" म्हणून खोदून विचारू नका. जेवलात का, झोप लागती का, घरचे कुणी सापडायचे राहिलेत का, एवढं विचारा, बाकी सांगायचं तर ते आपणहून सांगतेत.

प्रश्न: एमबीबीएस झालंय, मला जायचंय. (बीड)

उत्तर: आधी दोन-तीन वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढा. फ्रेंच किंवा अरबी येत असंल तर लई बरं.