ख्रिस्ती प्राथमिक शाळेत समता आणि समावेशन आणायचं तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा होता: "एका ख्रिस्ती प्राथमिक शाळेत नुकतीच रुजू झाले आहे. निम्म्याहून जास्त मुलं इतर धर्मांची आहेत, काहींच्या घरी कुठलाच धर्म पाळत नाहीत. मुख्याध्यापिकांनी समता आणि समावेशनाचं काम माझ्याकडे दिलंय. शाळेचं ख्रिस्तीपण सांभाळून हे कसं करायचं आणि सुरुवात कुठून करू?"

मी अशाच एका शाळेत सव्वीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं. शेवटची सात वर्षं हेच काम माझ्या गळ्यात होतं. "गळ्यात" म्हणते, कारण मी ते मागून घेतलं नव्हतं. धोरणाचा कागद आधीच तयार होता, खाली सही करायला कोणीतरी हवं होतं.

आमच्या शाळेत इतर धर्मांच्या मुलांना कधी कोणी वाईट वागवलं नाही. उलट आम्ही जरा जास्तच गोड वागायचो, पाहुण्यांशी वागतात तसं. पाहुण्याला आपण चांगली खुर्ची देतो, पण घरातल्या गोष्टी काही त्याला विचारून ठरवत नाही. हे त्यालाही पक्कं ठाऊक असतं, मग तो सात वर्षांचा का असेना. माझ्या बहुतेक सगळ्या चुका इथेच झाल्या.

सकाळच्या प्रार्थनेकडे आधी बघा. मी रोज "चला, हात जोडा, डोळे मिटा" म्हणायचे. एकदा मध्येच मी डोळे उघडले (शिक्षकांना उघडावेच लागतात), तर तिसऱ्या रांगेतला एक मुलगा हात जोडून, ओठ घट्ट मिटून, टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता. नंतर बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाला, "आई म्हणाली, शब्द म्हणू नकोस. तुम्ही म्हणालात, हात जोड. म्हणून मी अर्धं-अर्धं केलं."

दुसरीतल्या मुलानं रोज सकाळी शाळा आणि घर यांच्यात अशी वाटणी करावी, हे काही मला झेपलं नाही. आम्ही फक्त वाक्य बदललं. "आता मी प्रार्थना करणार आहे. ज्यांना ती आपली वाटेल त्यांनी शेवटी आमेन म्हणा. बाकीच्यांनी शांत बसून आपल्या मनातलं काहीतरी आठवा." प्रार्थना तीच राहिली, येशूचं नावही कुठे गाळलं नाही. चर्च ऑफ इंग्लंडनं आपल्या शाळांमधल्या सामूहिक उपासनेसाठी तीन विशेषणं ठरवली आहेत: समावेशक, निमंत्रण देणारी आणि प्रेरणा देणारी. त्यातलं मधलं मला सगळ्यात उपयोगी वाटतं. निमंत्रण म्हटलं की नाही म्हणायची मोकळीक आलीच.

कायद्याची बाजूही बघून ठेवा. मुलाला धर्मशिक्षणातून बाहेर ठेवायचा पालकांचा हक्क इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्यापासून चालत आलाय. भारतात राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं चौदावं कलम विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य थेट मुलाला देतं. तुमच्याकडे जो नियम लागू असेल तो मूळ कागदात वाचा, स्टाफरूममध्ये ऐकलेल्यावर जाऊ नका. मात्र "नको असेल तर व्हरांड्यात उभं राहा" एवढ्यानं कायदा पाळला जाईलही, पण व्हरांड्यात एकटं उभं राहिलेलं पोर तुमच्या डोळ्यांसमोरून हलणार नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल मला अजून लाज वाटते ती सांगते. आमच्या वर्गात पायाला कॅलिपर लावून चालणारा एक मुलगा होता. एका सोमवारी मी सगळ्या शाळेसमोर त्याचं नाव घेऊन, त्याचे पाय बरे व्हावेत म्हणून प्रार्थना केली. अगदी मनापासून. मधल्या सुट्टीत तो टक-टक करत माझ्या टेबलापाशी आला आणि विचारलं, "टीचर, मी आजारी आहे का?"

तो आजारी नव्हताच. वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा त्याची हजेरी जास्त होती. त्याला माझ्याकडून काय हवंय, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. आणि हे शुभवर्तमान शिकवणाऱ्या बाईच्या हातून झालं! मार्कच्या दहाव्या अध्यायात आंधळा बार्तीमय हाका मारत येतो तेव्हा येशू आधी त्याला विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावं असं तुला वाटतं? समोर आंधळा माणूस उभा असताना हा प्रश्न विचित्र वाटतो खरा, पण विचारलाय. मी तसा विचारला तेव्हा उत्तर मिळालं, "जिन्यावर माझ्या मागून कोणी ढकलू नये." त्याच आठवड्यात त्या वर्गाची मुलं दोन मिनिटं आधी सोडायला सुरुवात केली.

ख्रिस्ती शाळांना हा खास धोका आहे, म्हणून जरा रेंगाळते. बरं करण्याच्या गोष्टी आपण मुलांना इतक्यांदा सांगतो की अपंगत्व म्हणजे चमत्काराची वाट बघत बसलेली अवस्था, असं त्यांच्या मनात बसतं. मग कोणीतरी विचारतंच, "तो बरा का नाही झाला? त्याचा विश्वास कमी आहे का?" अशा वेळी योहानाचा नववा अध्याय काढा. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, कोणाचंच नाही. लहान मुलांना एवढं उत्तर पुरतं आणि पालकसभेतही हेच कामाला येतं.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तर आपण उलटीच शिकवतो. "गरजूला मदत करा" एवढा सार काढून फळा पुसतो. पण लूकनं लिहिलेल्या त्या गोष्टीत (लुटारूंनी वाटेत मारून टाकलेल्या माणसाला एक शोमरोनी वाटसरू उचलतो) परका माणूस मदत करणारा आहे. यहुदी आणि शोमरोनी यांचं हाडवैर होतं, आणि ऐकणाऱ्या यहुदी शास्त्र्याला कबूल करावं लागतं की शेजारी ठरला तो शोमरोनी. वर्गातलं वेगळं मूल कायम घेणाऱ्याच्या जागी असेल, तर आपण ही गोष्ट वाचलीच नाही म्हणायची. आमच्याकडे नवी भाषा शिकत असलेली एक मुलगी होती. तिला सगळे "मदत" करून करून हैराण करायचे. तिच्यासारखं गणित कोणालाच येत नाही, हे लक्षात यायला आम्हाला एक अख्खं सत्र गेलं. मग भागाकार अडला की पोरं तिच्या बाकाभोवती जमायला लागली आणि तिची भाषाही तिथेच सुधारली.

नाताळच्या नाटकाची पात्रयादी गेल्या पाच वर्षांची काढून बघा. मरिया कोण झाली, देवदूत कोण, आणि झाड, मेंढरू, तारा कोण. आमच्या यादीत कमी ऐकू येणारी एक मुलगी लागोपाठ दोन वर्षं तारा होती. सोनेरी कागद लावून टेबलावर उभं राहायचं, बोलायचं काही नाही. तिसऱ्या वर्षी तिनं स्वतःच सांगितलं, मला बोलायचं काम पाहिजे. तिला धर्मशाळेचा मालक केलं. त्याला एकच वाक्य असतं: "जागा नाही!" ते तिनं असं काही ठणकावून म्हटलं की योसेफ झालेला मुलगा दचकून मागे सरला आणि अख्खं सभागृह हसलं. मी पडद्यामागे होते. मला काही हसू आलं नाही.

(शुभवर्तमानात हा मालक कुठेच नाही, फक्त उतारशाळेत जागा नव्हती एवढंच आहे. मागी, म्हणजे पूर्वेकडून बाळ येशूला बघायला आलेले ज्ञानी लोक, तेही तीनच होते असं मत्तय सांगत नाही. तेव्हा पात्रं वाढवायला, मुलींना मागी करायला शास्त्राची कसलीही हरकत नाही.)

भिंतीवरच्या चित्रांचंही तेच. येशू सोनेरी केसांचा, देवदूत गोरेपान, आणि काळा रंग फक्त पापाच्या तक्त्यावर. चित्रकलेच्या तासाला एका मुलानं माझ्याकडे "अंगाचा रंग" मागितला. मी फिकट गुलाबी खडू पुढे केला, त्यानं तो घ्यायला हात पुढे केला, आणि खडू नि हात एकमेकांशेजारी आले. क्रेयोला कंपनीनं आपल्या "फ्लेश" नावाच्या खडूचं नाव बदलून "पीच" केलं ते १९६२ मध्ये. आमच्या तोंडातून ते अजून गेलेलं नव्हतं. येशू पश्चिम आशियातला यहुदी होता, एवढं चौथीच्या मुलाला सांगायला काहीच कठीण नाही.

वर्गात प्रश्न कोणाला विचारता, याच्या खुणा आठवडाभर मागे बसलेल्या सहकाऱ्याला करायला सांगा. मला माझा कागद बघवला नव्हता, तीच पाच-सहा नावं. मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, बोलणारी मुलंही वाढतात. यात खर्च शून्य. पैशांचा विषय निघालाच आहे तर, सहलीचे पैसे न भरलेल्यांची नावं वर्गात वाचू नका. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला "तू तिथे उभा राहा" म्हणणाऱ्यांची हजेरी घेतली आहे, ती स्टाफ मीटिंगमध्ये वाचून दाखवायला हरकत नाही.

एक सावधगिरी. चिडवाचिडवी झाली की ख्रिस्ती शाळेत हमखास "सॉरी म्हण, तिनं माफ केलं, संपलं" असं होतं. रंगावरून, धर्मावरून, बोलण्याच्या ढंगावरून चिडवलं असेल तर आधी ते तारखेसह लिहून ठेवा, दोन्ही घरी कळवा, आणि पुढच्या आठवड्यात त्या मुलीला परत विचारा. क्षमा तिची आहे. आपल्याला पुढचा तास वेळेवर घ्यायचाय म्हणून ती तिच्याकडून काढून घेऊ नये.

ख्रिस्तीपण कमी होईल या भीतीचं काय, असं तुम्ही विचारलंत. एका ख्रिस्ती पालकबाईंनी मला हेच तावातावानं विचारलं होतं: "मग ही शाळा ख्रिस्ती कशाला म्हणायची?" मी त्यांना कोमेनियसचं उदाहरण दिलं. सतराव्या शतकातला हा बिशप गरीब-श्रीमंत, मुलगे-मुली सगळ्यांना शाळेत घ्या म्हणून सांगत होता. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामान्का इथे ९२ सरकारांनी सर्व मुलांना सामान्य शाळेत सामावून घ्यावं, हे मान्य केलं त्याच्या तीनशेहून जास्त वर्षं आधी. बाईंचं समाधान झालं असं मला वाटत नाही. त्या नंतरही प्रार्थनेच्या वाक्याबद्दल कुरकुरत राहिल्या आणि आम्हीही ते वाक्य बदललं नाही.

सुरुवात मात्र धोरणाच्या कागदापासून करू नका. एक मूल निवडा, जे तुम्हाला शाळेत पाहुणं वाटतं असं. एक अख्खा दिवस, फाटकापासून फाटकापर्यंत, लांबून त्याच्या मागे राहा आणि वहीत वेळेनुसार लिहा: कोण बोललं, कुठे थांबावं लागलं, कुठे तोंड मिटलं, कुठे हसलं. पुढच्या आठवड्यात दुसरं मूल. चार-पाच मुलं झाली की काय बदलायचं ते तुम्हालाच दिसेल. मुख्याध्यापिकांनी अहवाल मागितला, तर नावं खोडून ती पानं तशीच त्यांच्या टेबलावर ठेवा.