पिकअपला मोठे टायर टाकलेस, आता हवा किती?

भावा, दाराच्या चौकटीवरचा आकडा कंपनीच्या मूळ टायरसाठी असतो. टायर बदललेस की तो नुसता अंदाज. टायरच्या कडेला छापलेला आकडा म्हणजे कमाल मर्यादा; तेवढी हवा भरायची नसते! इथेच बहुतेक नवे लोक फसतात.

हवा सकाळी मोज, टायर थंड असताना. पंपावर पोचेपर्यंत टायर तापून आकडा वाढतो, म्हणून स्वतःचा गेज घे.

मग खडू. नक्षीवर आडवी जाड रेघ मार, ऐरोलीतल्या एखाद्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर थोडं सरळ जा, उतरून बघ.
- फक्त मध्ये पुसली: हवा जास्त
- फक्त कडांना पुसली: कमी

रेघ सगळीकडे सारखी पुसेपर्यंत दोन-दोन पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) बदल. पुढचे-मागचे आकडे वेगळेच येतील, रिकामी पिकअप मागे हलकी असते. सामान भरलंस की मागे वाढव.

चिखलासाठी हवा सोडणं नंतर बघू. तशाच मऊ टायरवर घोडबंदरच्या खड्ड्यात गेलास तर रिम वाकेल. माझी वाकली होती.