गाणे आणि कादंबरी, दोन्ही एका आयुष्यात निभतात का?

आपण विचारले आहे की, आपली मुलगी धुळ्याला ख्यालगायन, म्हणजे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातला मुख्य गायनप्रकार, शिकते आणि सोबत कादंबरीही लिहू पाहते, तर ही दोन्ही कामे सारख्याच निष्ठेने केलेले कोणी आहे का, की एक मागे पडतेच. आणि तिला वाचायला काय द्यावे. असे एक नाव मला ठामपणे सांगता येते, ते इंग्रजीत लिहिणारे कादंबरीकार आणि ख्यालगायक अमित चौधुरी यांचे. मी जळगावला बारा वर्षे ख्याल शिकलो आणि पुढे मराठीचा अध्यापक झालो, त्यामुळे हा लेखक मला फार जवळचा वाटतो.

चौधुरींचा जन्म १९६२ साली कोलकात्यात झाला, पण ते वाढले मुंबईत. आई बिजोया चौधुरी रवींद्रसंगीताच्या, म्हणजे रवींद्रनाथ टागोरांच्या गाण्यांच्या, नावाजलेल्या गायिका होत्या. मुलगा आधी गिटारवर स्वतः रचलेली इंग्रजी गाणी गात असे; सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो शास्त्रीय संगीताकडे वळला आणि कुंवर श्याम घराण्याचे गोविंदप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे शिकू लागला. पुढे लंडन आणि ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाले, १९९१ साली पहिली कादंबरी आली, आणि 'अ न्यू वर्ल्ड'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्यांच्या कादंबऱ्यांत कथानक जवळजवळ नसतेच, आणि अनेक वाचक तिथेच पुस्तक मिटतात. मला मात्र त्यांचे लेखन गाण्यामुळेच उलगडले. 'फाइंडिंग द रागा' या २०२१ च्या पुस्तकात ते म्हणतात की आलाप ही खरे तर रागाची ओळख करून देणारी सुरुवात, पण ख्यालात ती सुरुवातच लांबत जाते आणि तोच गाण्याचा गाभा होतो. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल ऐकताना आपण 'पुढे काय झाले' असे विचारत नाही. षड्जावरून (सा) ऋषभावर (रे) गवई कसा जातो, याकडेच आपला कान असतो. चौधुरींची पानेही मी तशीच वाचतो.

'द इमॉर्टल्स' (२००९) ही त्यांची कादंबरी वाचताना तर मला माझे गुरुजीच दिसत राहिले. त्यात मुंबईतील एका कंपनीच्या अधिकाऱ्याची पत्नी आणि मुलगा श्यामजी नावाच्या गवयाकडे शिकतात. आपण इतके मोठे गायक असून शास्त्रीय गाणे सोडून भजने आणि गझला का शिकवता, असे मुलगा त्यांना विचारतो, आणि उपाशीपोटी कला होत नाही, या आशयाचे उत्तर त्याला मिळते. माझे गुरुजी आठवड्यातून तीन दिवस जळगावहून भुसावळला जात आणि रेल्वेच्या बंगल्यांत साहेबांच्या मुलांना स्नेहसंमेलनापुरती भावगीते बसवून देत. मे महिन्यातल्या दुपारी ते परतत तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला असे. तरीही पाणी पिऊन ते आधी कूलर बंद करायला सांगत, कारण त्याच्या घरघरीत तंबोरा लागत नसे, आणि मग त्या उकाड्यात आम्हाला वृंदावनी सारंग हा राग शिकवीत. त्यांचे स्वतःचे गाणे फारसे कोणी ऐकले नाही. ही खंत मला कुठल्याही मराठी कादंबरीत इतक्या नेमकेपणाने भेटली नव्हती.

चौधुरींचा एक प्रयोगही सांगायला हवा. तोडी रागाचा रियाज करताना त्यांना एका प्रसिद्ध रॉक गाण्याच्या गिटारची सुरावट ऐकू आली आणि त्यातून 'धिस इज नॉट फ्यूजन' हा संगीतप्रयोग उभा राहिला. त्याचा पहिला कार्यक्रम २००५ साली झाला. मला त्यांचा निखळ ख्यालच अधिक भावतो, पण तोडीतल्या कोमल गंधारात (उतरलेल्या 'ग' स्वरात) दोन जगे एकदम ऐकू येणे ही कादंबरीकाराच्याच कानाची करामत आहे, असे मी मानतो.

तेव्हा एक मागे पडते का? काही काळ पडते. माझे गाणे तर नोकरीत मागे पडलेच. चौधुरींनी मात्र शिकलेले गाणे लेखनातही वापरत ठेवले, आणि त्यामुळे दोन्ही टिकले. मुलीला 'फाइंडिंग द रागा' सुरुवातीलाच देऊ नका. आधी 'द इमॉर्टल्स' द्या, आणि शक्य असेल तर ती वाचून झाल्यावर तिला तिच्या गुरुजींनाही त्यातले श्यामजींचे प्रसंग मराठीत सांगायला सांगा.