पाहुण्यांची खोली नंतर, आधी पॉलिसीचा कागद काढा

ठाण्याच्या वर्तकनगरमधून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 61, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यातून 2024 मध्ये निवृत्त. पत्र लांब आहे, थोडक्यात देते.

"ताई, मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या बाजूला आमचं आजोबांचं बैठं घर आहे. डिसेंबरात मुलगी, जावई आणि नातू तीन आठवड्यांसाठी येणार. पाहुण्यांची खोली नीट करून घ्यायची आहे. कोटेशन 6 लाख 40 हजारांचं आलंय. मुलगी गेल्यावर खोली वीकेंडला मालशेजच्या पर्यटकांना द्यायची, 3,000 रुपये रात्र, महिन्याला 8 रात्री धरल्या तरी सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. प्रश्न एवढाच: एफडी मोडू की कर्ज काढू? बँकेतला मुलगा म्हणतो पॉलिसीवर कर्ज मिळेल. एफडी 24 लाखांची आहे. पीएफ-ग्रॅच्युइटीचे 48 लाख आले होते, 12 लाख फ्लॅटच्या कर्जात गेले, 8 पॉलिसीत, बाकी घरखर्चात. घरखर्च महिना 38,000. पेन्शन 3,000. कळव्याचं वन-रूम-किचन मुलीसाठी ठेवलंय, बंदच असतं, भाडेकरूची कटकट नको. गावचं घर अजून आजोबांच्या नावावर आहे, पण कोणाचा काही वाद नाही."

नमस्कार. तुम्ही खोलीबद्दल विचारलंत आणि मी मात्र "8 पॉलिसीत" या दोन शब्दांवर अडले. म्हणून तुम्हाला कागदपत्रांचे फोटो मागितले.

पॉलिसी अशी आहे: वर्षाला 4 लाख, 10 वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षाअखेरीस 71 लाख मिळणार. पहिला हप्ता डिसेंबर 2024, दुसरा डिसेंबर 2025, तिसरा येत्या डिसेंबरात. शेवटचा हप्ता भराल तेव्हा तुम्ही 69 वर्षांचे असाल आणि पैसे हातात येतील तेव्हा 75 वर्षांचे. हे ज्या माणसाला विकलं, त्याचा पगार हप्ता सुरू होण्याआधीच बंद झालेला होता.

तुमचा हिशोब मांडते. 24 लाखांवर 7 टक्क्यांनी व्याज 1 लाख 68 हजार, पेन्शनचे 36 हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख आत येतात. बाहेर जातात घरखर्चाचे साडेचार लाख आणि हप्त्याचे 4 लाख. खड्डा साडेसहा लाखांचा, आणि तो एफडी मोडूनच भरायचा. वर्षभराने एफडी साडेसतरा लाख, दोन वर्षांनी साडेदहा, तीन वर्षांनी 3. चौथ्या वर्षी हप्त्याला पैसे नाहीत आणि किराण्यालाही नाहीत. खोलीवर 6 लाख 40 हजार घातलेत तर हीच वेळ एक वर्ष अलीकडे येते. खोलीने तुमचं नुकसान होतंय एका वर्षाचं. पॉलिसी मात्र तुमचं म्हातारपणच खातेय, आणि तुम्ही पत्रात तिला एक ओळसुद्धा दिलेली नाही.

पॉलिसी विकताना बँकेतल्या त्या मुलाने काय सांगितलं असेल ते मला पाठ आहे. 40 भरा, 71 घ्या, 31 लाख फायदा, म्हणजे 77 टक्के. भागिले 10, साडेसात टक्क्यांच्या वर, तेही टॅक्स फ्री! या भागाकारावर बँकांची अख्खी मार्च महिन्याची टार्गेट्स पूर्ण होतात. पैसे दहा वर्षं नाही, पंधरा वर्षं अडकतात, आणि चक्रवाढीने मोजलं तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो. राहिला टॅक्स. वर्षाला दोन लाख उत्पन्न असणाऱ्या माणसाला मुळात टॅक्स लागतच नाही. ज्याला छत्री आहे त्याला रेनकोट विकला, तोही दुप्पट भावात.

आणि आता तो फोटो. तुम्ही पाठवलेल्या प्रपोजल फॉर्मच्या (पॉलिसीसाठीच्या अर्जाच्या) तिसऱ्या पानावर "व्यवसाय" या रकान्यात इंग्रजीत "बिझनेस" लिहिलंय आणि वार्षिक उत्पन्न 12 लाख. अक्षर तुमचं नाही. तुमची सही खाली आहे, जराशी तिरकी, बहुधा सोफ्यावर बसून मांडीवर कागद धरून केलेली. तुम्ही फोनवर म्हणालात, "मुलगा फार नम्र आहे हो, दिवाळीला मिठाई घेऊन आला होता." येणारच. अशा पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यातून जे कमिशन सुटतं, त्यात मिठाईचं दुकान येईल.

पण हाच रकाना तुमच्या कामाचा आहे. निवृत्त माणसाला व्यावसायिक दाखवून, न मिळणारं उत्पन्न लिहून पॉलिसी दिली, ही सरळ चुकीची विक्री आहे. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता आली असती, ती मुदत केव्हाच गेली. तक्रार मात्र करता येते. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र, सोबत निवृत्तीचं पत्र, पीएफचा कागद आणि त्या तिसऱ्या पानाची प्रत. मागणी एकच, भरलेले सगळे 8 लाख परत. विमा नियामकाच्या "बीमा भरोसा" पोर्टलवरही नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जायचं. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचं कार्यालय आता ठाण्यातही आहे. पूर्ण पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण त्या रकान्यामुळे तुमची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे.

ते होईपर्यंत कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे मागितले, तर किती, आणि पुढचे हप्ते न भरता पेड-अप ठेवली तर शेवटी किती. 1 ऑक्टोबर 2024 नंतरच्या पॉलिसींना सरेंडरचे नियम आधीपेक्षा बरे आहेत, तेवढं तुमचं नशीब. करारातली किमान हमी भरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्क्यांच्या घरात असते, पण विशेष सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मोडताना कंपनी हिशोब करून देते ती रक्कम, त्यापेक्षा बरंच जास्त निघायला हवं. समजा 5 लाख मिळाले. पेड-अप ठेवलीत तर दहापैकी दोन हप्ते, म्हणजे 71 लाखांचा पाचवा हिस्सा, साधारण 14 लाख, तेही 2039 मध्ये. आजचे 5 लाख 7 टक्क्यांनी तोवर 12 लाख होतात. फरक फारसा नाही, पण 5 लाख आज तुमच्या हातात असतात आणि ते 14 लाख पंचाहत्तरीपर्यंत कुलपात. मी सरेंडर घेईन. तीन लाख गेले म्हणून जीव तुटेल, ठाऊक आहे. ते दुसरा हप्ता भरला तेव्हाच गेले होते. तिसरा, चौथा, पाचवा भरून ते परत येत नाहीत, आणि चौथ्या वर्षी पैसे संपले की पॉलिसी आपोआप पेड-अपच होणार आहे. मग त्याआधी आणखी 12 लाख कशाला ओतायचे?

पॉलिसीवर कर्ज घ्यायचा सल्ला तर अफाट आहे. साडेपाच टक्के देणाऱ्या गोष्टीवर नऊ-दहा टक्क्यांनी कर्ज, आणि वर पॉलिसी चालू राहते म्हणून त्या मुलाचं कमिशनही चालू राहतं.

आता उरलेल्या पैशांचं. तुम्ही साठी ओलांडली आहे, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत (पोस्टात किंवा बँकेत) 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. दर गेली काही वर्षं 8.2 टक्के आहे, ज्या दिवशी पैसे ठेवाल त्या दिवशीचा दर पाच वर्षं मिळतो आणि व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. दोन वर्षं तुमचे 24 लाख 7 टक्क्यांवर का पडून राहिले, हे मी तुम्हाला नाही, बँकेला विचारीन. एफडी आधी मोडल्याने दंड किती लागेल ते पाहून हलवा. तीन लाख मात्र हाताशी, साध्या एफडीत. पत्रात आरोग्य विम्याचा शब्द नाही. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपला असेल तर तुमचा आणि काकूंचा काढायला घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून गेला आहे, तेवढा हप्ता हलका.

आणि कळव्याची खोली! तुम्हाला मालशेजला अनोळखी माणसं रात्रीपुरती ठेवायची आहेत, चादरी धुवायच्या आहेत, पण कळव्यात अकरा महिन्यांचा एक भाडेकरू नको. भाड्याचं स्वप्न घाटात आणि कुलूप कळव्यात. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या. 10,000 भाडं धरलं तरी सोसायटीचा मेंटेनन्स, पालिकेचा कर आणि एखादा रिकामा महिना वजा जाता वर्षाला लाखभर सुटतात.

हे सगळं जमलं तर खड्डा साडेसहा लाखांवरून लाख-सव्वा लाखावर येतो. तो दर वर्षी वाढणार, कारण किराणा वाढतो आणि व्याज वाढत नाही. महागाई धरून हे पैसे नऊ-दहा वर्षं पुरतील. त्यानंतर कळव्याची खोली विकूनच दिवस काढावे लागतील. म्हणजे ती खोली मुलीची नाही, तुमची आहे. मुलीला एकदा बसवून सांगा. ती परदेशात कमावते, तिला वाईट वाटणार नाही. उलट सत्तरीत तुम्ही तिच्याकडे पैसे मागितलेत तर वाटेल.

बरं, आता गावच्या घराचं.

सव्वादोन वर्षांत वसुली होणार नाही. मालशेजची गर्दी पावसाळ्याची आणि तीही शनिवारची. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद होतो, धबधब्यांवर प्रशासनाची बंदी आली की बुकिंग बोंबलतं. उन्हाळ्यात टोकावड्याला कोण येतंय? वर्षाला 30 रात्री, 2,500 रुपयांनी, 75 हजार. केअरटेकर, धुणं, वीज, मोडतोड यांत निम्म्याजवळ जातील. उरले 40-45 हजार. तेवढेच 6 लाख 40 हजार ज्येष्ठ नागरिक योजनेत 52 हजार देतात आणि तिथे कोणी टॉवेल चोरत नाही.

शिवाय घर तुमचं आहे का? "वाद नाही" हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता भीती वाटते. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर घर चार भावंडांचं: तुमचे वडील, काका आणि दोघी आत्या. वडिलांच्या चार आण्यांत तुमची बहीण निम्मी. म्हणजे खर्च सोळा आणे आणि मालकी दोन आणे. (नेमके हिस्से वकिलाकडून तपासून घ्या.) काकांच्या मुलाने उद्या घर विकायचं म्हटलं तर तुमच्या नव्या बाथरूमचे पैसे वेगळे कोण देणार? पर्यटकांना खोली देताना पर्यटन विभागाकडे न्याहारी-निवासाची नोंदणी करायची म्हटलं, तरी मालकीचे कागद लागतात. ग्रामपंचायतीत वारस नोंद करून घ्या. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना 2020 पासून चालू आहे, तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर कोणाचं नाव लागलंय ते बघा. आत्यांना खरंच काही नको असेल तर त्या हक्कसोडपत्र करून देतील. मोबदला नसेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, पण पत्र नोंदणीकृतच हवं. गणपतीत सगळे जमतात ना, तेव्हा विषय काढा. त्यांनी नाही म्हटलं तर रागवायचं नाही, हक्क त्यांचाही आहे.

कोटेशनवर दोन शब्द. छपराचे 90 हजार योग्य आहेत. कौलं फुटलीत, दोन वासे कुजलेत, हे यंदाच्या पावसाआधी करायलाच हवं. पण छप्पर सगळ्यांच्या डोक्यावरचं आहे, खर्च चौघांत वाटा, सांगायला लाजू नका. बाथरूमचे 1 लाख 80 हजार मी कागद झाल्यावर, दिवाळीआधी करीन. नातू लहान आहे, रात्री अंगणातून जायला नको.

बाकी खोडलं. कौलारू छपराखाली 65 हजारांचं पीओपी सीलिंग? पहिली गळती त्याच्यावर साचेल, तुम्हाला दिसेल ती थेट पलंगावर पडल्यावर. ओल धरणाऱ्या मातीच्या भिंतीला वॉलपेपर म्हणजे जुलैत सोललेला कांदा. प्लायवूडच्या वॉर्डरोबला टोकावड्याची वाळवी दोन पावसाळ्यांत पत्ता शोधते. एसीचं राहू द्या, डिसेंबरात तिथे गोधडी लागते. स्लायडिंग खिडक्याही नकोत, जुन्या लाकडी खिडक्यांना बिजागऱ्या बदला आणि डासांची जाळी ठोका. पत्रात शेवटी तुम्ही लिहिलंय की आजोबांचा शिसवी पलंग माळ्यावर उलटा टाकलाय, तो "जुना दिसतो" म्हणून. तो खाली काढा, पॉलिश करा, भिंतींना चुना द्या. 15-20 हजारांत खोली होईल.

तुमच्या खिशातून एकूण अडीच लाखांच्या वर जाऊ नका, आणि ते एफडीतून. कर्ज नाही. पॉलिसीच्या हप्त्याला तुमच्या खात्यातून ऑटो-डेबिट लावलेलं दिसतंय. ते बंद करायचा अर्ज नोव्हेंबर उजाडायच्या आत बँकेत द्या, पोच घ्या, आणि तो मुलगा घरी आला तर चहा पाजा, पण कुठेही सही करू नका.