मेमरी शिल्लक आहे, तरी प्रोग्रॅम का थांबतो?

प्रश्न : द्राक्षबागेतला ठिबकचा व्हॉल्व्ह ईएसपी८२६६ या छोट्या वाय-फाय बोर्डावर मायक्रोपायथॉनने (अशा छोट्या बोर्डांसाठीचं पायथॉन) चालवतो. दर मिनिटाला ओलाव्याची नोंद सर्व्हरला जाते. दीड-दोन दिवसांनी मेमरी एरर येते आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. ‘जीसी.मेम_फ्री()’ मात्र १२ हजार बाइट मोकळे दाखवतं. मागितलेले असतात २ हजारच! – एक वाचक, तासगाव

उत्तर : १२ हजार आहेत, पण सलग नाहीत. मायक्रोपायथॉनचा गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) वापरातल्या वस्तूंवर (ऑब्जेक्ट्सवर) खूण करतो आणि बिनखुणेच्या काढून टाकतो. उरलेल्या वस्तू सरकवून जागा एकत्र करत नाही. इथे मेमरी १६ बाइटच्या ब्लॉकमध्ये वाटली जाते. तुम्हाला सलग १२५ ब्लॉक हवेत. मध्येच एखादी छोटी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) ठाण मांडून बसली की संपलं.

‘मायक्रोपायथॉन.मेम_इन्फो()’ चालवा. त्यातला ‘मॅक्स फ्री’चा आकडा ब्लॉकमध्ये असतो, त्याला १६ ने गुणा. सलग मोकळ्या जागेचा तोच खरा आकडा. साफसफाईनंतरची एकूण मोकळी मेमरीही दिवसेंदिवस घटत असेल, तर दुखणं वेगळं: कुठल्या तरी ग्लोबल (प्रोग्रॅमभर टिकणाऱ्या) लिस्टमध्ये नोंदी साठताहेत. लिस्टची लांबी बांधून टाका.

नोंद ‘+’ ने जोडत असाल तर प्रत्येक ‘+’ ला नवी स्ट्रिंग तयार होते. त्याऐवजी प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच, मेमरी कोरी असताना, २५६ बाइटचा बाइटॲरे (पुन्हा भरता येणारी ठरावीक जागा) घ्या आणि तोच पुन्हापुन्हा भरा. सर्व्हरचं उत्तर ‘रीड’ऐवजी ‘रीडइंटू’ने त्यातच घ्या. तुकडा हवा असेल तर मेमरीव्ह्यू वापरा, तो प्रत न बनवता तीच जागा दाखवतो; नुसतं स्लाइस केलं (तुकडा कापून घेतला) की नवी प्रत बनते. नोंद पाठवण्याआधी दर वेळी ‘जीसी.कलेक्ट()’ करा. नाहीतर कलेक्टर बरीच मेमरी वाटून झाल्यावरच जागा होतो आणि तोवर वस्तू सगळीकडे विखुरलेल्या असतात. मोठी मॉड्यूल्स संगणकावरच एमपीवाय-क्रॉस या साधनाने कंपाइल करून (बोर्डाला थेट चालवता येईल अशा रूपात बदलून) टाका, म्हणजे बोर्डावर कंपाइल करायला लागणारी मेमरी वाचते.

व्हॉल्व्हचं काम मात्र आजच करा. मुख्य फाइलच्या अगदी सुरुवातीला व्हॉल्व्ह बंद करणारी ओळ हवी. मेमरी एरर पकडून आधी व्हॉल्व्ह बंद, मग ‘मशीन.रीसेट()’. तिथे संदेश छापत बसू नका, संदेश जुळवायलाही मेमरी लागते. पुष्कळ रिले बोर्ड (व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणारे) पिन ० केल्यावर चालू होतात, तेव्हा ‘बंद’ म्हणजे ० की १ हे मीटर लावून तपासा.

प्रश्न : अर्डुइनो उनो या बोर्डावर हा त्रास टळेल का? – एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : नाही. तिथे कलेक्टरच नाही आणि आर३ पर्यंतच्या उनोत रॅम अवघी २ केबी. ‘स्ट्रिंग’ क्लास वापरलात तर मेमरीचे असेच तुकडे पडतात. ठरावीक लांबीचा कॅरॅक्टर ॲरे आणि त्यात मजकूर बसवणारं ‘एसएनप्रिंटएफ’ वापरा; छापायचा ठरलेला मजकूर ‘एफ()’ मॅक्रोने फ्लॅशमध्येच (प्रोग्रॅम साठवलेल्या कायमच्या मेमरीत) ठेवा.