वाचकांचे प्रश्न : चिऱ्याच्या घरात संगीताचा सर्व्हर

प्रश्न : आमचे घर जुने, चिऱ्याचे आणि ओटी, माजघर, स्वयंपाकघर असे लांबट आहे. खळ्यापलीकडे मांगर असून हंगामात तेथे आंब्याच्या पेट्या भरण्याचे काम चालते. माझ्याकडील नाट्यसंगीत, अभंग व शास्त्रीय गायनाच्या सीडी आणि कॅसेट मुलाने हार्ड डिस्कवर उतरवून दिल्या आहेत. ओटीवर, माजघरात आणि मांगरात त्या एकाच वेळी किंवा वेगवेगळ्या ऐकता याव्यात, अशी इच्छा आहे. पावसाळ्यात इंटरनेट वरचेवर बंद पडते. घरात जुना लॅपटॉप पडून आहे. तो चालेल की नवा सर्व्हर घ्यावा? दुकानदार म्हणतो त्याप्रमाणे महागडा राउटर घेतल्यास काम भागेल का? (निवृत्त शिक्षक, देवगड तालुका)

उत्तर : लॅपटॉप चालेल, नवा सर्व्हर घेऊ नये, आणि महागड्या राउटरसाठी बाजूला ठेवलेले पैसे केबल व विजेच्या व्यवस्थेवर खर्च करावेत.

सर्व्हर म्हणजे गाण्यांच्या फाइल सांभाळणारा आणि मागेल त्या खोलीत पाठवणारा संगणक. प्रत्येक खोलीत त्या फाइल वाजवणारे एक छोटे यंत्र, म्हणजे प्लेअर, लागते आणि काय वाजवायचे हे सांगण्यासाठी मोबाइल पुरतो. हा सगळा व्यवहार घरातल्या राउटरपुरता चालतो. त्यामुळे बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी राउटर सुरू आहे तोवर गाणे थांबण्याचे कारण नाही. आपल्या गरजेला लिरियन म्युझिक सर्व्हर हे मोफत सॉफ्टवेअर योग्य ठरेल. स्लिम डिव्हायसेस या कंपनीने ते मुळात आपल्या प्लेअरसाठी तयार केले. 2006 मध्ये ती कंपनी लॉजिटेकने विकत घेतली आणि 2012 च्या सुमारास त्या प्लेअरची विक्री बंद झाली, पण मुक्त स्रोत (ज्याची मूळ रचना कोणीही पाहून बदलू शकतो असे) असल्यामुळे वापरकर्त्यांनी सॉफ्टवेअर जिवंत ठेवले. 2024 पासून ते सध्याच्या नावाने ओळखले जाते. कंपनीने हात काढून घेतल्यावरही जे सॉफ्टवेअर टिकले, त्यावर आपला संग्रह सोपवायला मला अधिक धीर वाटतो.

सर्व्हरला फार ताकद लागत नाही, हे आकड्यांवरूनच दिसते. सीडीवरील ध्वनी सेकंदाला सुमारे 1411 किलोबिट इतका असतो. तोच फ्लॅक या स्वरूपात ठेवला की गुणवत्तेत काहीही न गमावता साधारण निम्म्याच्या आसपास येतो. तीन खोल्यांत तीन निरनिराळी गाणी लावली तरी एखाद्या चित्रफितीपेक्षा जास्त भार होत नाही. म्हणून दहा वर्षे जुना लॅपटॉपही पुरतो. मात्र झाकण मिटल्यावर तो झोपी जाणार नाही अशी सेटिंग करावी, राउटरमध्ये त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) कायमचा नेमून द्यावा, आणि बॅटरी फुगलेली असल्यास ती आधी काढून टाकावी. बॅटरी धड असेल, तर वीज गेल्यावर तीच सर्व्हरला काही काळ सांभाळते.

खरी अडचण भिंतींची आहे. जांभ्याचा चिरा जाड असतो, पावसाळ्यात तो ओलावा धरतो आणि ओली भिंत वायफायला अधिकच अडवते. ओटीवरचा राउटर कितीही भारी असला तरी दोन भिंतींपलीकडच्या स्वयंपाकघरात 5 गिगाहर्ट्झचा पट्टा पोहोचेलच, याची खात्री कोणी देऊ नये, 2.4 चा पट्टा थोडा अधिक आत शिरतो, एवढेच. संगीताला वेग कमी लागतो, पण सातत्य लागते. मोबाइलवर बातमी उघडायला दोन सेकंद उशीर झाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तान मध्येच तुटली तर ओटीवरचा प्रत्येक जण मान वर करून पाहतो. गणपतीत चाकरमानी घरी आले की त्याच वायफायवर वीस-पंचवीस मोबाइल येऊन बसतात, आणि ऐन तेव्हाच सर्वांना गाणी ऐकायची असतात. म्हणून जे यंत्र जागेवरून हलणार नाही, त्याला राउटरपासून लॅन केबल, म्हणजे नेटवर्कची तार, द्यावी. कॅट 6 ची तांब्याची केबल 100 मीटरपर्यंत चालते, आणि वाशांच्या कडेने, कौलांखालून नेली तर भिंत फोडावी लागत नाही.

घरातले पाहुण्यांसाठीचे स्वतंत्र वायफाय असेल, तर प्लेअर त्यावर जोडू नयेत, कारण तेथून सर्व्हर दिसत नाही. माजघरात वायफाय वाढवण्यासाठी जुना राउटर लावणार असाल तर त्याचे डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करावे, त्याला मुख्य राउटरहून वेगळा पत्ता द्यावा आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) नव्हे, लॅन (घरातल्या यंत्रांच्या) छिद्रात घालावी. एवढे न केल्यास घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि ‘प्लेअर सापडत नाही’ ही तक्रार सुरू होते. या सदराकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचे मूळ याच छिद्रात असावे, अशी मला शंका आहे.

मांगराचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून नेली, की मे अखेरीच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांना दोन्हीकडची उपकरणे एकदम जाळण्याची वाट मिळते. वीज थेट केबलवर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी तारेत उसळी येते. तेथे ऑप्टिकल फायबर न्यावी आणि दोन्ही टोकांना फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारे मीडिया कन्व्हर्टर बसवावेत. फायबर घेताना आधारासाठी तिच्यात लोखंडी तार नाही ना, हे पाहून घ्यावे. बाजारातल्या बऱ्याच बाह्य केबलींत ती असते आणि ती असल्यास फायबर नेण्याचा हेतूच फसतो.

प्लेअरसाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्यावर पायकोअरप्लेअर ही प्रणाली घ्यावी. कोकणासाठी ही निवड मी आग्रहाने सुचवतो. सुरू होताना ही प्रणाली पूर्णपणे रॅममध्ये चढते आणि एरवी मेमरी कार्डवर काही लिहीत नाही, त्यामुळे वीज अचानक गेली तरी कार्ड खराब होण्याची भीती फारशी राहत नाही. मॉडेल निवडताना मात्र नीट पाहावे : झिरो 2 डब्ल्यूला लॅनचे छिद्र नाही आणि वायफायही फक्त 2.4 चे आहे. पाय 5 ला हेडफोनचे छिद्र काढून टाकले आहे. पाय 4 ला दोन्ही आहेत, पण त्याच्या हेडफोन छिद्रातला आवाज बेताचा असतो. त्यापेक्षा साधा यूएसबी डॅक (डिजिटल संगीताचे ॲम्प्लिफायरला चालणाऱ्या संकेतात रूपांतर करणारे छोटे यंत्र) जोडून तेथून जुन्या ॲम्प्लिफायरला तार द्यावी. एकाच सर्व्हरला जोडलेले हे प्लेअर मोबाइलवरून एका गटात घेतले की ते ताल सांभाळून वाजतात. ओटीवरचे आणि माजघरातले गाणे किंचितही मागेपुढे झाले तर प्रतिध्वनी होऊन ऐकवत नाही, म्हणून ही सोय महत्त्वाची आहे.

विजेबाबत थोडेच सांगतो. इन्व्हर्टरवर यूपीएस आणि साधा अशा दोन स्थितींचे बटण असल्यास ते यूपीएसवर ठेवावे, म्हणजे वीज गेल्यावर राउटर बंद पडून पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी लागणार नाही. इन्व्हर्टर नसल्यास राउटरपुरता छोटा 12 व्होल्टचा यूपीएस मिळतो. खाऱ्या हवेने ॲम्प्लिफायरच्या मागील जोडण्या काळवंडतात आणि एका बाजूचा आवाज जातो. अधूनमधून पिना फिरवून काढाव्यात, घालाव्यात आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसाव्यात. पावसाळ्यात यंत्रे महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा थोडा वेळ तरी रोज चालू ठेवलेली बरी, कारण त्यांच्या स्वतःच्या उबेने दमटपणा दूर राहतो. संग्रहाची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी; ती मुलाबरोबर मुंबईला पाठवली तर आणखी चांगले.

प्रश्न : सर्व्हर सुरू झाला, पण अभंगांची नावे काही ठिकाणी चौकोन वा विचित्र अक्षरांत दिसतात. शिवाय एकाच गायकाची गाणी तीन-चार नावांखाली विखुरली आहेत. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हा दोष सर्व्हरचा नसून फाइलच्या आत लिहिलेल्या माहितीचा, म्हणजे टॅगचा आहे. जुन्या एमपीथ्री फाइलींतील आयडीथ्री 1 या पद्धतीत नावाला 30 अक्षरांचीच जागा असते आणि देवनागरीची सोय नसते. एमपीथ्रीटॅग किंवा पिकार्ड या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइली उघडून टॅग आयडीथ्री 2.3 वा त्यापुढच्या आवृत्तीत, युनिकोडमध्ये जतन करावेत. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टंकलेले मजकूर मात्र आपोआप सुधारत नाहीत. ते पुन्हा टंकावे लागतात. फ्लॅकमध्ये टॅग मुळातच युनिकोड असल्याने ही कटकट नसते.

गायकाच्या बाबतीत यंत्राला आपला आदर कळत नाही. ‘पं.’ लावलेले नाव, ‘पंडित’ पूर्ण लिहिलेले नाव आणि नुसते नाव ही त्याच्या लेखी तीन माणसे. एक रूप ठरवून सर्वत्र तेच लिहावे. अनेक गायकांच्या संग्रहाला ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात एकच नाव द्यावे, नाहीतर एका सीडीचे दहा तुकडे दिसतील. शास्त्रीय गायनात राग आणि ताल शीर्षकातच लिहिले तर शोधायला सोपे जाते. आणि एकच राग दोन फाइलींत विभागलेला असेल तर एमपीथ्री टाळावे. त्याच्या रचनेतच फाइलीच्या सुरुवातीला व शेवटी किंचित रिकामी जागा येते आणि विलंबितातून द्रुतात जाताना ती खटकते.

प्रश्न : मी कामासाठी पुण्यात असतो. अलिबागच्या घरातील सर्व्हर येथून ऐकता येईल का? एका परिचिताने राउटरमध्ये 9000 हे पोर्ट उघडायला सांगितले आहे.

उत्तर : ते पोर्ट, म्हणजे राउटरमधून आत येण्याचे दार, उघडू नये. त्या दारातून सर्व्हरचे नियंत्रणपान जगापुढे उघडे पडते. शिवाय अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून देतात, तेथे पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोहोचत नाही. टेलस्केलसारखी खासगी जोडणी सर्व्हरवर आणि आपल्या मोबाइलवर बसवावी. राउटरला हात लावावा लागत नाही आणि वाटून दिलेल्या पत्त्यावरही ती बहुधा चालते. घरच्या जोडणीचा अपलोड वेग कमी असेल तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये त्या मोबाइलवरच्या प्लेअरपुरती बिटरेटची (सेकंदाला पाठवायच्या माहितीची) मर्यादा घालावी, म्हणजे फ्लॅकऐवजी एमपीथ्री पाठवले जाईल आणि घरच्यांचे ऐकणे होते तसेच राहील.